ठाण्यातल्या कट्ट्यावर अल स्मिथ सांगायचा असेल तर तयारी कशी करायची

आमच्या नौपाड्यात महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी एक छोटा वाचनकट्टा भरतो, कोणाच्या तरी घरी, पंधरा-वीस माणसं, चहा, आणि एक जण एखाद्या विषयावर तासभर बोलतो. मी तिथे अल स्मिथवर बोलले होते, न्यूयॉर्कचा आमदार आणि मग चार वेळा गव्हर्नर झालेला माणूस, आणि दहाव्या मिनिटाला एका काकांनी विचारलं की अहो हा राज्यपाल ना, मग तो निवडणूक कसा हरला, राज्यपालाला तर दिल्लीहून पाठवतात. प्रश्न अगदी बरोबर होता. चूक माझी होती, मी डिक्शनरीत बघून गव्हर्नरला राज्यपाल म्हणून मोकळी झाले होते. मग तेच समजावण्यात वीस मिनिटं गेली आणि ज्या गोष्टीसाठी मला हा माणूस आवडतो ती सांगायची राहिलीच. नंतर मी सगळं नव्याने बांधलं, वाशीला मैत्रिणीच्या सोसायटीत परत बोलले, आणि तेव्हा लोक नऊ वाजून गेले तरी उठेनात. त्यातून जे शिकले ते इथे लिहितेय. तुम्हाला अल स्मिथच घ्यायचा असं नाही, त्या काळातला कुठलाही अमेरिकन राज्यपातळीवरचा नेता घ्या, पद्धत तीच चालेल, मी उदाहरण मात्र त्याचंच देणार.

सगळ्यात आधी शब्द ठरवून घ्या, आणि हे काम बोलायला उभं राहायच्या आधी करा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नाही. तो थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो, राज्याचा कारभार तोच चालवतो, विधेयकावर सही किंवा नकार तोच देतो, म्हणजे आपल्याकडच्या कोणाच्या जवळ जात असेल तर मुख्यमंत्र्याच्या, पण मुख्यमंत्रीही नाही कारण त्याला विधिमंडळात बहुमत लागत नाही, समोर विरोधी पक्षाचं सभागृह असलं तरी तो खुर्चीत राहतो. म्हणून सरळ 'गव्हर्नर'च म्हणा आणि सुरुवातीलाच दोन वाक्यांत हा फरक सांगून टाका. असेंब्लीला विधानसभा म्हटलं तर चालतं, न्यूयॉर्कच्या असेंब्लीत १५० सदस्य, आपल्याकडे २८८. पण एक गोष्ट आवर्जून सांगा की त्या काळी तिथल्या आमदाराची मुदत फक्त एक वर्षाची होती! दर नोव्हेंबरला निवडणूक. हे सांगितलं की माणसं सरसावून बसतात, कारण दर वर्षी मत मागायला जायचं म्हणजे काय हे आपल्याला लगेच कळतं. गव्हर्नरची मुदत तेव्हा दोन वर्षांची. स्पीकर म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष खरा पण तटस्थ वगैरे अजिबात नाही, तो बहुमतवाल्या पक्षाचा तिथला सगळ्यात ताकदवान माणूस असतो. आणि शेरीफ, हा पुढे येईलच कारण स्मिथ काही काळ न्यूयॉर्क काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) शेरीफ होता, तर मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल हे मानाचं पद, तिथलं मात्र निवडून द्यायचं आणि त्या काळी फीमधून चांगली कमाई असलेलं पद. तेवढं सांगा आणि पुढे जा.

आता माणसाची सुरुवात कुठून करायची. जन्मतारखेपासून करू नका, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. वॉर्डापासून करा. राज्यपातळीवरचा नेता हा आधी एका गल्लीचा असतो, आपल्याकडेही तसंच आहे, कोपरीचा, वागळेचा, कळव्याचा. स्मिथ हा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडचा, साउथ स्ट्रीटवर अगदी धक्क्याजवळ १८७३ च्या डिसेंबरात जन्मलेला, आणि त्याच्या लहानपणी डोक्यावर ब्रुकलिन ब्रिजचं बांधकाम चाललेलं, तो पूल १८८३ ला सुरू झाला. आई आयरिश घराण्यातली, वडील मालाच्या गाड्या हाकायचे, त्यांच्याकडून इटालियन रक्त. वडील गेले तेव्हा पोरगा तेरा वर्षांचाही नव्हता, थोड्याच दिवसांत शाळा सुटली, आठवीसुद्धा पूर्ण झाली नाही. मग पडेल ती कामं, आणि मग फुल्टन फिश मार्केट, आठवड्याला १२ डॉलर पगार, पहाटे ४ ला कामावर.

इथे ठाणेकरांसमोर बोलत असाल तर जरा थांबा. चेंदणी कोळीवाडा आपल्याला माहितीये, पहाटेचा मासळी बाजार काय असतो, बर्फ, पाट्या, लिलावाचा आरडाओरडा, हे कोणाला समजावून सांगायला लागत नाही. स्मिथच्या तिथल्या कामांपैकी एक असं होतं की छपरावर जाऊन दुर्बिणीतून येणाऱ्या बोटी बघायच्या, आणि बोट पाण्यात किती खाली बसलीये त्यावरून आज माल किती येतोय याचा अंदाज बांधायचा, कारण त्यावर भाव ठरणार. हे मी वाशीला सांगितलं तेव्हा एक कोळी आजी म्हणाल्या की आमच्याकडे पण असंच बघतात, आणि तिथून पुढे तो माणूस परका राहिलाच नाही. पुढे असेंब्लीत मोठमोठ्या कॉलेजांच्या पदव्यांची चर्चा निघाली तेव्हा त्याने आपली पदवी एफ.एफ.एम. असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे फुल्टन फिश मार्केट. हा किस्सा सगळेच सांगतात, तुम्हीही सांगा, पण बाजाराचं वर्णन झाल्यावर सांगा, आधी सांगितला तर नुसता विनोद होतो.

मग टॅमनी हॉल. हा शब्द आला की बहुतेक लेखांत 'भ्रष्ट राजकीय यंत्रणा' असं लिहून पुढे जातात, आणि ते खोटं नाही, पण तेवढ्याने आपल्या माणसाला काही कळत नाही. तुम्ही 'शाखा' हा शब्द वापरा. शाखाप्रमुख, गटप्रमुख, दाखला अडला शाखेत जा, पोराची ॲडमिशन अडली शाखेत जा, घरात कोणी गेलं तर पहिला माणूस शाखेतून येतो, आणि मतदानाच्या दिवशी त्याची परतफेड. टॅमनी हॉल ही न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाची तशीच गल्लीगल्लीतली बांधणी होती, आणि स्थलांतरित गरीब लोकांना सरकारपेक्षा तीच जवळची होती. स्मिथच्या भागात टॉम फोली नावाचा पुढारी होता, त्याने हा पोरगा हेरला, आधी १८९५ ला ज्यूरीच्या ऑफिसात नोटिसा वाटायची सरकारी नोकरी आली, आणि १९०३ ला असेंब्लीचं तिकीट. टॅमनीचा सर्वेसर्वा तेव्हा चार्ल्स मर्फी.

त्याची पहिली वर्षं नीट सांगा, घाई करू नका, माझ्या मते अख्ख्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. जानेवारी १९०४ ला तो ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीला गेला, न्यूयॉर्क शहरापासून ठाणे-शिर्डी धरा एवढं लांब, आणि तिथे त्याला काहीच कळेना. मागच्या बाकावर बसायचा, बोलायचा नाही, विधेयकं समोर यायची आणि त्यातली भाषा डोक्यावरून जायची. त्याला घेतलं कुठल्या समितीत तर बँकांच्या आणि पुढे जंगलांच्या, आणि बँकेत हा नोटीस द्यायला सोडून कधी गेला नव्हता आणि जंगल तर बघितलंच नव्हतं. अशा वेळी दोनच रस्ते असतात, एक तर पक्ष सांगेल तिथे हात वर करत राहायचं, नाहीतर शिकायचं. हा रात्री खोलीवर बसून विधेयकं वाचायला लागला. प्रत्येक विधेयक. राज्याचं खर्चाचं विधेयक शेकडो पानांचं असायचं, कोणी वाचत नसे, हा ओळ न ओळ वाचायचा, कुठल्या खात्याला किती आणि का. रॉबर्ट वॅग्नर नावाचा दुसरा तरुण टॅमनीवाला त्याच्याबरोबर राहायचा, तो पुढे फार मोठा झाला. काही वर्षांत अशी परिस्थिती आली की राज्याचा कारभार कसा चालतो हे सभागृहात याच्याइतकं कोणालाच माहिती नव्हतं. १९११ ला बहुमताचा नेता, १९१३ ला स्पीकर. १९१५ ला राज्यघटना दुरुस्तीची परिषद भरली तेव्हा एलिहू रूटसारख्या विरोधी पक्षातल्या नामवंत वकिलानेसुद्धा राज्याच्या गरजांची याला असलेली माहिती वाखाणली.

पुढे भाषणात त्याची एक सवयच झाली, 'चला, रेकॉर्ड बघूया', असं म्हणून तो आकडे आणि ठराव काढायचा. तुम्हीही तयारी याच पद्धतीने करा. त्याची टोपी, त्याचा सिगार, 'रेडिओ' शब्दाचा त्याचा तो वेगळा उच्चार, याच्यावर लिहिणारे खूप आहेत आणि त्याने पाच मिनिटं छान जातात, पण आमदार कळतो तो त्याने काय वाचलं, काय मांडलं आणि कशाला मत दिलं यावरून.

म्हणजे शोधायचं कुठे तेही सांगते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची जुन्या वर्तमानपत्रांची साइट आहे, क्रॉनिकलिंग अमेरिका, फुकट आहे, त्यात न्यूयॉर्कचे ट्रिब्यून, सन, इव्हनिंग वर्ल्ड हे पेपर पानंच्या पानं बघायला मिळतात. शोधताना 'अल स्मिथ' टाकू नका, सुरुवातीच्या वर्षांत पेपरवाले 'आल्फ्रेड ई. स्मिथ' किंवा 'असेंब्लीमन स्मिथ' असं छापायचे, आणि स्मिथ आडनाव म्हणजे आपल्याकडचं पाटील, त्यामुळे बरोबर 'ऑल्बनी' आणि वर्ष टाकल्याशिवाय काही हाताला लागणार नाही. न्यूयॉर्क राज्याचं 'रेड बुक' म्हणून दरवर्षी निघायचं, त्यात प्रत्येक आमदाराची छोटी माहिती असते. इंटरनेट आर्काइव्हवर कारखाना चौकशी आयोगाचे (हा आयोग पुढे येईलच) अहवाल स्कॅन केलेले आहेत, १९१२ पासून १९१५ पर्यंतचे, जाडजूड आहेत पण साक्षी तरी वाचाच. एकदम सगळं डाउनलोड करून ठेवू नका, एक अहवाल, एक आठवडा. आणि त्याचं १९२९ चं आत्मचरित्र वाचताना हे लक्षात असू द्या की ते १९२८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर लगेच आलेलं आहे, त्यामुळे तारखा आणि मतदान दुसरीकडे ताडून बघा.

आता आयोग. तुमच्या तासातली वीस मिनिटं इथे द्या.

२५ मार्च १९११, शनिवार, संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास मॅनहॅटनमधल्या ऍश बिल्डिंगच्या आठव्या मजल्यावर आग लागली. आठवा, नववा, दहावा मजला ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा, बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. अग्निशमनच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचायच्या. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं, १४६ माणसं गेली, त्यातल्या १२३ बायका आणि मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित, कित्येक पंधरा-सोळा-अठरा वर्षांच्या. मालकांवर खटला झाला आणि ते डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले. हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही, आकडे आणि कुलूप पुरेसं आहे. आमच्या कट्ट्यावर वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं काढलेले एक काका येतात, ते एवढंच म्हणाले की मागचं दार बंद ठेवतात ते चोरी होऊ नये म्हणून. अगदी तेच कारण तिथेही सांगितलं गेलं होतं, कामगार माल पळवतील.

त्यानंतर राज्याने चौकशी आयोग नेमला, वॅग्नर अध्यक्ष, स्मिथ उपाध्यक्ष. हे दोघं टॅमनीचे, आणि टॅमनीकडून कोणी काही अपेक्षा करत नव्हतं. पण आयोग ऑफिसात बसला नाही. पहिल्या वर्षातच अठराशेच्या वर कारखान्यांची तपासणी झाली. फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या कार्यकर्त्या होत्या, त्या आगीच्या दिवशी जवळच वॉशिंग्टन स्क्वेअरला चहाला गेल्या होत्या आणि मुली खिडक्यांतून उड्या मारताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, त्या आता या आमदारांना घेऊन कारखान्या-कारखान्यात फिरायला लागल्या. एका ठिकाणी 'फायर एस्केप' म्हणून भिंतीत एक भोक होतं आणि त्याच्या बाहेर बर्फ जमलेली शिडी, जी जमिनीपासून बारा फुटांवर संपत होती, तर त्यांनी वॅग्नरला स्वतःला त्या भोकातून बाहेर जायला लावलं. स्मिथला त्यांनी दोरखंडाच्या कारखान्यातून दहा तासांची रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. कागद वाचणारा माणूस होता तो, पण इथे त्याने कागदाच्या पलीकडचं बघितलं, आणि मग परत येऊन कागद बदलले. तीसहून जास्त कायदे झाले, दारं बाहेर उघडणारी हवीत, कामाच्या वेळात कुलूप नको, फायर ड्रिल, स्प्रिंकलर, बायका-मुलांच्या कामाचे तास, कारखान्यांची नोंदणी.

एक प्रसंग चुकवू नका. आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याच्या कायद्यातून आम्हाला वगळा असं फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखानदार म्हणत होते. स्मिथ उठला आणि साधारण असं म्हणाला की शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पवित्र पाळा ही देवाची आज्ञा मी नीट वाचली, पण तिच्यात 'डबाबंद कारखाने सोडून' असे शब्द मला कुठे सापडले नाहीत. बघा, इथेसुद्धा मजकूर वाचणंच आहे.

आपल्याकडे बोलताना एक मोह होणार, तो मलाही झाला. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या उन्हाळ्यात कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले, आणि त्याच वर्षी स्मिथ स्पीकर होता, आयोगाचे कायदे त्याच वर्षी धडाधड होत होते. पुढे बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू मांडली, १९२९ ला तो कायदा झाला, आणि ४० च्या दशकात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कामगार खातं त्यांच्याकडे होतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा, जरूर ठेवा, ऐकणाऱ्याला त्या काळाचा अंदाज येतो. पण भेट झाली, प्रभाव पडला असलं काही बोलू नका. एक वर्ष आणि एक शहर जुळलं म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. हाताशी आधार असेल तेवढंच बोला.

वाईट बाजू लपवू नका, ठाणेकर श्रोता राजकारण ओळखतो, नुसती आरती ओवाळली तर त्याचा विश्वास जातो. १९१३ लाच गव्हर्नर विल्यम सल्झर टॅमनीच्या विरोधात गेला तेव्हा मर्फीच्या इशाऱ्यावर त्याच्यावर महाभियोग चालवला गेला आणि असेंब्लीत ते घडवून आणणारा स्पीकर स्मिथ होता. सल्झर धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण कारण काय होतं हे सगळ्यांना माहिती होतं. हे सांगून लगेच १९२० सांगा, असेंब्लीने पाच समाजवादी सदस्यांना काढून टाकलं तेव्हा गव्हर्नर स्मिथने त्याला उघड विरोध केला आणि शाळा-शिक्षकांच्या निष्ठा तपासणारी विधेयकं नाकारली. एकच माणूस, सात वर्षांचं अंतर.

गव्हर्नरपदाचा भाग आकड्यांत पटकन उरकता येतो. १९१८ ला जेमतेम १५ हजार मतांनी जिंकला. १९२० ला हरला, पण त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार हार्डिंग न्यूयॉर्क राज्यात दहा लाखांहून जास्त मतांनी पुढे असताना स्मिथ ७५ हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिला, म्हणजे लाखो लोकांनी वर एकाला आणि खाली याला मत दिलं. मग १९२२, १९२४, १९२६ सलग. मधे दीडशेहून जास्त सुट्या सुट्या खात्या-मंडळांची मोट बांधून वीसच्या आत खाती केली, ज्याच्यासाठी घटना बदलावी लागली. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण मागच्या बाकावर बसून खर्चाचं विधेयक वाचणाऱ्या पोराचीच ही कमाई आहे, तो धागा जोडून द्या म्हणजे लोक ऐकतात.

१९२८ वर मात्र वाहवत जाऊ नका, तो राष्ट्रीय राजकारणाचा विषय होतो. मोठ्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा केलेला पहिला कॅथलिक, त्याच्या धर्मावरून भयंकर प्रचार झाला, दारूबंदीला विरोध होता, देशात पैसा खेळत होता, आणि रिपब्लिकन उमेदवार हूवरने त्याला ४४४ विरुद्ध ८७ इलेक्टोरल मतांनी (राज्यवार मोजली जाणारी मतं) हरवलं. स्वतःचं न्यूयॉर्क राज्यसुद्धा लाखभर मतांनी गेलं, आणि त्याच दिवशी तिथे त्यानेच उभा केलेला फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर म्हणून निवडून आला. नंतर स्मिथ एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला, १ मे १९३१ ला ती उघडली. मग पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टशी फाटलं, १९३६ ला त्याच्याविरुद्ध रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने उभा राहिला. कट्ट्यावर यावरून वाद होणारच, होऊ द्या, पण एक माहिती हाताशी ठेवा की रूझवेल्टची कामगार मंत्री त्याच पर्किन्सबाई होत्या आणि १९३५ चा कामगार संघटनांचा मोठा कायदा त्याच वॅग्नरच्या नावाने ओळखला जातो. स्मिथ स्वतः ४ ऑक्टोबर १९४४ ला गेला.

शेवटी थोड्या साध्या गोष्टी. टाइमलाइनचा एकच कागद करा, ए-फोर, मोठ्या अक्षरात, कारण आपल्या कट्ट्यांवर निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात आणि प्रोजेक्टरवरचं कोणाला वाचता येत नाही. त्यात फक्त वर्ष आणि पद, बाकी काही नको. मॅनहॅटनचा एक नकाशा आणि त्यावर तीन टिंबं, साउथ स्ट्रीट, फिश मार्केट, ऍश बिल्डिंग, आणि शेजारी तलावपाळी ते कोळीवाडा त्याच स्केलवर, म्हणजे ती जागा केवढी छोटी होती ते दिसतं. प्रश्नांना वीस मिनिटं ठेवा. आणि कार्यक्रम जिथे आहे त्या हॉलचं मागचं दार उघडं आहे का ते आधी जाऊन बघून या, वाशीला आम्ही गेलो तेव्हा त्याला कुलूप होतं, वॉचमनदादांना बोलावून किल्ली आणून उघडून घेतलं आणि मगच खुर्च्या मांडल्या.